तुमच्या दहाव्याला दिलेला शब्द

भाऊजी,

तुम्ही गेल्यापासून या घरात तुमच्याबद्दल वाकडं बोलायला बंदी आहे. परवा मी एवढंच म्हणाले की ओला टॉवेल पलंगावर टाकणारं आता कोणी उरलं नाही, तर आईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी मुकाट्यानं स्वयंपाकघरात गेले. भेटायला येणारे सोफ्यावर बसतात आणि सांगतात, सुहास म्हणजे देवमाणूस होता. मी चहाचे कप ठेवते. लग्न होऊन आले तेव्हापासून मी या देवमाणसाबरोबर एका छपराखाली राहिले, आधी लालबागच्या चाळीतल्या दोन खोल्यांत आणि चाळ पडल्यावर त्याच जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये. माझ्या नवऱ्याचा धाकटा भाऊ, लग्न न केलेला, हट्टी, मोठ्या आवाजाचा, माझ्या हातच्या बांगड्याच्या तिखल्याला नावं ठेवत ठेवत तिसऱ्यांदा वाढून घेणारा. देवमाणूस वगैरे काही नव्हतात तुम्ही. म्हणून तर मला तुमची इतकी आठवण येते.

आणि मला तुमच्याशी भांडायचंय. माझ्या तनूच्या गुडघ्यावरून सुरू झालेलं आपलं भांडण अर्ध्यावर टाकून तुम्ही निघून गेलात. लोकांना मी सांगते की हार्ट अटॅक होता, सगळं अचानक झालं. तुमच्याशी तरी मला सरळ बोलू द्या.

खरं तर लालबागमध्ये फुटबॉलचं खूळ यायचं काही कारणच नव्हतं. इथं पोरं कबड्डी खेळतात. चांगली खेळली तर नोकरी लागते, नाहीतर निदान गल्लीत नाव होतं. फुटबॉल खेळून नुसत्या नडग्या फुटतात, हे मी तुम्हाला कितीदा ऐकवलं असेल. तुम्ही हसायचात. तरुणपणी तुम्ही गोलकीपर होतात, परळच्या मैदानावर चिखलात लोळून यायचात आणि आई तुम्हाला नळाखाली उभं करायच्या, हे मी आईंच्याच तोंडून ऐकलंय. पुढे शिवडीच्या गोदामात सुपरवायझर झालात आणि ते सगळं राहून गेलं. मग आमची तनू चालायला लागली आणि बॉल दिसला की डावा पाय पुढे टाकायला लागली. बस, तिथून तुम्ही कामातून गेलात.

टॉवरच्या पोडियमवर, पार्किंगवरच्या गच्चीवर, बिल्डरनं हिरवळ लावली आणि हिरवळीवर पाटी लावली, 'बॉल खेळण्यास मनाई'. तुम्ही बरोब्बर त्या पाटीखाली उभे राहून तनूला बॉल टाकायचात. वॉचमन आला की म्हणायचात, "अरे, बॉल कुठे खेळतोय? मुलगी खेळतेय." बिचारा वॉचमन पाटी पुन्हा वाचत बसायचा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमच्यावरून गोंधळ झाला आणि तुमच्या दादांना माफी मागावी लागली. दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं तिथंच, त्याच पाटीखाली. मी वरून खिडकीतून बघत होते, आणि रागावले नव्हते, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तिची फुटबॉलच्या विभागीय केंद्रात निवड झाली तो दिवस मला पाठ आहे. जिल्ह्याजिल्ह्यातून मुलं-मुली पारखून घेतात, शाळा सांभाळून सराव करून घेतात आणि त्यातल्या चांगल्या मुलींना पुढे हॉस्टेलवर ठेवून घडवतात, असं तुम्ही आम्हाला समजावून सांगत होतात आणि बोलताना तुमचे हात हलत होते. त्या आनंदात तुम्ही पापलेटं घेऊन आलात, तीही गुरुवारी. आईंचा उपास. मग ती पिशवी फ्रीजमध्ये सगळ्यात खाली दडवून तुम्ही शुक्रवार उजाडायची वाट बघत बसलात. आई म्हणाल्या, "मेल्या, वास इलो हा माका कालच." हसून हसून तनूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मला तिथलं काही आवडायचं नाही, तेही खरं. मैदानाला चारी बाजूंनी जाळी, आत मुली, बाहेर आईबाप. पालकांना आत प्रवेश नाही. शिट्टी वाजली की मुली धावायच्या आणि जाळीला बोटं अडकवून बाहेरचे बाप ओरडायचे. कोणाला रोज किती अंडी देतात, कोणाची उंची अजून वाढेल, कोणाची वाढायची थांबली, हेच बोलणं. दर काही महिन्यांनी काही मुली कमी करायचे. त्याला तिथं 'रिलीज' म्हणत, जणू पोरीला कुठून सोडवलं आहे. जिला रिलीज करायचे तिच्या आईबापांशी जाळीजवळचे बाकीचे लोक बोलायचे बंद व्हायचे. तुम्ही मात्र बोलायचात. तुम्हीच त्यांना टपरीवर नेऊन चहा पाजायचात.

आणि तो विरारचा सामना. मी तेव्हा कामावर होते. दादरच्या त्या एक्स-रे आणि एमआरआयच्या सेंटरमध्ये मी काउंटरला बसते, समोर पेशंटांची रांग लागलेली, आणि तुमचा फोन. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस कुजबुजत होता. "वहिनी, तनूचं... ते आलंय. पहिल्यांदाच. घाबरलीय ती. मी दुकानात उभा आहे. इथं पंखवालं आणि बिनपंखवालं असं दोन्ही आहे, कुठलं घेऊ?" पंखवालं घ्या, म्हटलं. "बरं. आणि पाण्याची गरम पिशवी पण घेतो," म्हणालात आणि फोन ठेवलात. नंतर तनूनं सांगितलं की तिला बाथरूमपर्यंत सोडून तुम्ही बाहेर पाठ करून पहारा देत उभे होतात, आणि कोच सरांना सांगून आलात की पोरगी दुसऱ्या हाफला उतरेल, घाई करू नका. तिच्या सख्ख्या बापानंही इतकं केलं नसतं. त्या दिवसासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे, आणि हे मनापासून म्हणतेय, म्हणून पुढचं बोलायलाही मला जड जातं.

तनूनं एका सरावात पाय मुरगाळला. गुडघ्यात काहीतरी 'टक' झालं, असं ती तुम्हाला म्हणाली. केंद्राच्या फिजिओनं विचारलं, दुखतंय का? आणि तुमच्या शिकवणीप्रमाणे तिनं सांगितलं, नाही. हॉस्टेलसाठीची निवड तोंडावर होती. गुडघ्याचं कळलं असतं तर सरांनी तिला बाहेर बसवलं असतं आणि बाहेर बसलेल्या मुलीची जागा कोणी राखून ठेवत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून तुम्ही तिला गुपचूप चिंचपोकळीच्या हाडवैद्याकडे नेलंत. कबड्डीची पोरं जिथं जातात तिथं. भिंतीवर पैलवानांचे फोटो लावलेली खोली, लाकडी बाकडं, लेपाची पातेली. तुमचा निखळलेला खांदा त्यानंच कधीकाळी बसवला होता ना. त्यानं तनूचा पाय मांडीवर घेतला, ओढला, चोळला, लेप लावला आणि पुठ्ठ्याच्या पट्ट्या घालून कापूस गुंडाळला. चमक भरलीय, आठवड्यात पळेल, म्हणाला. ट्रॅकपँट घालून राहा, घरी काही बोलू नकोस, म्हणून तिला तुम्हीच बजावलंत.

मला बाथरूममध्ये आंबेहळदीचा वास आला. विचारलं तर तुम्ही म्हणालात, "वहिनी, खेळाडूच्या घरात हा वास यायचाच. लकी वास असतो तो." मीही हसले. मी दिवसभर परक्या लोकांना गुडघ्याच्या एमआरआयसाठी वेळा देते, आत जाण्याआधी अंगावरचं लोखंड काढून ठेवा म्हणून सांगते, आणि माझ्या पोरीचा गुडघा पुठ्ठ्यात बांधून तुम्ही निवडीच्या सामन्याला नेलात. पुढचं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. कोणी ढकललं नाही, कोणी पाडलं नाही, नुसती वळली आणि खाली बसली.

डॉक्टरांनी सांगितलं, लिगामेंट आधीच अर्धं तुटलं असणार, त्यावर खेळवलंत म्हणून पूर्ण गेलं. ते 'खेळवलंत' माझ्याकडे बघून म्हणाले. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही जमिनीकडे बघत होतात. त्यानंतर ऑपरेशन, वॉकर, टाके, संडासाला जाताना तिचं रडणं. आणि तिचा पाय प्लास्टिकच्या सांगाड्यात असताना केंद्राकडून इंग्रजीत दोन ओळींचा मेसेज आला. तन्वीला कार्यक्रमातून रिलीज करण्यात येत आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा. जाळीजवळच्या बापांच्या ग्रुपवर कोणी एक अक्षर लिहिलं नाही. एकानं हात जोडल्याचं चित्र टाकलं, झालं.

मग आपलं ते भांडण. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलात आणि म्हणालात, "वहिनी, मला खरंच वाटलं की चमक आहे." मी पोळी लाटत होते. म्हटलं, "वाटलं नाही भाऊजी, तसं वाटून घ्यायचं होतं तुम्हाला. कोण घडत होतं तिथं, ती की तुम्ही?" तुम्ही दारातून मागे फिरलात. मी पोळी तव्यावर टाकली. तेव्हापासून आपण कामापुरतं बोलत होतो, जेवण वाढलंय, गॅस संपलाय, एवढंच. चेष्टामस्करी बंद झाली आणि घर किती गप्प होतं ते तेव्हा कळलं. तुम्हाला माफ करावं असं मला वाटत होतं आणि जमत नव्हतं. अजूनही पूर्ण जमलेलं नाही, हे तुम्हाला सांगायला मला लाज वाटत नाही.

तुम्ही मात्र हट्ट सोडला नाहीत. तनू जरा धावायला लागली आणि तुमच्या फेऱ्या सुरू झाल्या. केंद्रात जायचं, सरांना गाठायचं, तिला परत घ्या म्हणून विनवायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं की वर्षभर अंगावर येणारा खेळ नको, पुन्हा तुटलं तर आयुष्यभर जिना चढताना आठवण येईल. तुम्ही म्हणायचात, डॉक्टर घाबरवतातच. त्या दुपारी दारात बसून बूट घालत होतात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "वहिनी, आज सरांशी शेवटचं बोलतो. तनूचं काम करूनच येतो." मी विचारलं, "गोळी घेतलीत?" "आल्यावर घेतो," म्हणालात. संध्याकाळी तुमच्याशी पुन्हा कडाकडा भांडायचं मी ठरवलं होतं. पण फोन कोच सरांचा आला. तुम्ही केंद्राच्या गेटबाहेर बाकावर बसला होतात आणि बसल्या बसल्याच कलंडलात. त्यांनी स्वतःच्या गाडीतून हॉस्पिटलात नेलं, पण तोवर काही राहिलं नव्हतं. फोन तनूनं उचलला होता. सर जे काही बोलले ते सगळं पहिल्यांदा तिच्या कानांत गेलं.

ती रडली नाही. आई छाती बडवत होत्या, तुमचे दादा भिंतीला डोकं लावून उभे होते, आणि पोरगी येणाऱ्यांच्या चपला दाराशी सरळ लावत होती.

दहाव्याला आपण बाणगंगेला गेलो. आपण म्हणजे आम्ही, तुम्ही पिंडात होतात. भटजींनी मांडलं सगळं, तुमच्या दादांनी केलं, आणि पिंड ठेवून सगळे मागे सरकलो. कठड्यावर कावळे ओळीनं बसलेले. शेजारच्या कोणाचं तरी पिंड त्यांनी लगेच उचललं. तुमच्याकडे एक फिरकला नाही. आता सगळ्यांना माहीत असतं अशा वेळी काय करायचं. तुमचे दादा हात जोडून म्हणाले, आईला काही कमी पडू देणार नाही. कावळा नाही. तुमचा गोदामातला मित्र म्हणाला, सुहास, तुझी बाकीची कामं मी बघतो. नाही. कोणीतरी तुमच्या आवडीची सुरमई आणायची राहिली म्हणालं. ऊन वाढत चाललं आणि भटजी दर्भाचा कावळा करायच्या गोष्टी बोलायला लागले. तेव्हा आई एकदम उभ्या राहिल्या आणि तुमच्या दादांचा हात धरून म्हणाल्या, "सांग रे तेका! चेडवाक खेळवतलंव म्हणान सांग!"

तुमच्या दादांनी डोळे मिटले. "सुहास, तनूला मी परत खेळवीन. तुझं राहिलेलं मी पुरं करीन. शब्द देतो."

आणि आला. थेट येऊन टोचला, भाताचा तुकडा उचलला आणि उडाला. "जेवलो गे माझो झील," म्हणून आईंनी हंबरडा फोडला. सगळ्यांनी हात जोडले. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. मी या गोष्टींवर फार विश्वास ठेवणारी नाही, शेजारची पिंडं संपली होती म्हणून तो तुमच्याकडे वळला असेल असंही मनात येऊन गेलं, पण पोट भरून गेलात असं वाटून हायसं झालं. मग माझं लक्ष तनूकडे गेलं. ती माझ्या मागे दोन पायऱ्या वर उभी होती. तिनं एक हात खाली नेऊन गुडघा धरला होता. शब्द ज्या गुडघ्याच्या जोरावर दिला, तो तिथंच उभा होता आणि त्याला कोणी विचारलं नव्हतं.

तेरावा झाला आणि कोच सरांचा फोन आला. तन्वीची खास ट्रायल घेतो, सुहासभाईंसाठी इतकं तर करू शकतो, म्हणाले. माणूस वाईट नाही. त्यांच्या गेटवर तुम्ही गेलात, त्यांच्याही मनाला लागलं असेल. घरात दिवाळी असल्यासारखं झालं. तुमच्या दादांनी तनूला नवे बूट आणले. आईंनी तुमच्या फोटोपुढे सांगून टाकलं. मी डॉक्टरांची आठवण करून दिली तर तुमचे दादा म्हणाले, "धावते की ती आता. आणि बघणारा वर बसलाय."

तनू सकाळी जिने चढायची, दुपारी दोरीच्या उड्या मारायची आणि मग टॉवेलमध्ये बर्फ गुंडाळून पाय स्टुलावर ठेवून बसायची. एकदा मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"दुखतंय?"

"नाही."

तुम्ही शिकवलेलं 'नाही' होतं ते. मला कळलं लगेच. म्हटलं, "तनू, फिजिओ नाहीये मी. आई आहे. तुला खेळायचंय का?"

तिनं बर्फ या हातातून त्या हातात घेतला. "बॉल समोरून आला ना आई, की पाय आपोआप मागे येतो. मी ठरवत नाही. भीती वाटते मला."

"मग नको ना खेळूस."

"काका माझ्यासाठी तिकडे गेला होता. माझं काम करून येतो म्हणाला होता ना तुला? मग तो आलाच नाही. आता मीच नाही म्हटलं तर?"

"तर काय होईल?"

"आई, कावळा शिवलाय."

पंधरा वर्षांची मुलगी माझी, इंग्रजी शाळेत जाते, आईंच्या उपासांची टिंगल करते. आणि तिच्या तोंडून हे. मी त्याच दिवशी तुमच्या दादांशी बोलले. तिला भीती वाटतेय, तिला नकोय, म्हटलं. ते चिडले. "पिंडावर दिलेला शब्द मोडू मी? भावासाठी जन्मात एवढी एक गोष्ट केली. सगळं त्यानंच केलं तिचं, मी कधी मैदानावर गेलो होतो?" आणि रडायला लागले. रडणाऱ्या माणसाशी किती भांडणार? उद्या बोलू, म्हटलं. उद्या उद्या करत ट्रायलचा रविवार आला.

सकाळची वेळ होती. सरांनी तनूला जर्सीवरून घालायचं केशरी बिब दिलं. जाळीजवळ तेच बाप, त्याच बोटांनी जाळी धरलेली. तुमच्याबद्दल दोघातिघांनी चांगलं बोलून घेतलं. सुरुवातीला बरं चाललं होतं. शंकूंमधून बॉल काढला, डाव्या पायानं लांब मारला, आणि मला फुटबॉलमधलं काही कळत नसलं तरी ती सुंदर खेळते हे दिसत होतं. तुम्ही काय बघायचात ते मी तेव्हा पाहिलं. मग दोन संघ करून खेळ सुरू झाला आणि एक थोराड मुलगी तिच्या अंगावर आली. तनूचा पाय मागे आला. पुन्हा तसंच. "तन्वी, बॉल मत छोड!" सर ओरडले. माझ्या शेजारचा बाप म्हणाला, "डर गई है. ऑपरेशन के बाद सब डरते हैं."

तनूनं गोलच्या मागच्या जाळीकडे पाहिलं, जिथं तुम्ही उभे राहायचात. तिथं एक माणूस फोनवर बोलत होता. पुढचा बॉल आला तेव्हा ती सरळ त्या मुलीच्या अंगावर गेली. डोळे मिटून, भाऊजी. मी पाहिलं. बॉलवर जाताना कोणी डोळे मिटतं का, तुम्हीच सांगा. ती आपटली, उठली, गुडघा धरला आणि दुसरा हात वर करून ठीक आहे म्हणाली. पुन्हा बॉल आला. पुन्हा डोळे मिटले. माझ्या लक्षात आलं की ही बॉल जिंकायला जात नाहीये. एकदाचं काय ते होऊन जाऊ दे, म्हणून जातेय.

जाळीचं दार उघडंच होतं. मी चपलांसकट आत चालत गेले. शिट्टी वाजली, खेळ थांबला.

"मॅडम, आप अंदर नहीं आ सकते," सर म्हणाले.

"माहीत आहे," म्हटलं. "मी मुलीला न्यायला आलेय. बास झालं, सर."

"मॅडम, दस मिनट और. अच्छा खेल रही है."

जाळीबाहेरून तुमचे दादा ओरडले, "अगं काय करतेस! शब्द दिलाय मी त्याला!"

"तुम्ही दिलाय," मी म्हणाले. एवढ्या मोठ्यानं की साऱ्या मैदानानं ऐकलं. "गुडघा तिचा आहे."

मला वाटलं तनू चिडेल, सगळ्यांसमोर लाज आणलीस म्हणेल. तिनं बिब काढलं, सरांच्या हातात दिलं आणि माझ्याबरोबर चालायला लागली. नळाजवळच्या कट्ट्यावर मी तिला बसवलं, बूट काढला, मोजा काढला. गुडघा सुजला होता, पण हलत होता. मी त्यावर पाणी ओतत होते आणि मग ती रडायला लागली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. अंग गदगदून, लहानपणी रडायची तशी. मधेच म्हणाली, "आई, काकाला काय सांगायचं आता?"

"मी सांगते," म्हटलं. "ते माझ्याकडे लागलं."

आणि तिथंच बसून तिला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते, मागून बोलले असं नको व्हायला. म्हटलं, तुझ्यामुळे काका गेला नाही. त्याला डॉक्टरांनी सिगारेट सोड म्हणून सांगितलं, सोडली नाही. गोळ्या वेळेवर घे म्हणून मी रोज ओरडायचे, आल्यावर घेतो म्हणायचा. त्याचं हृदय त्यानं स्वतः संपवलं. आणि तुझा गुडघाही त्याच्याच हट्टापायी गेला, त्याचा दोष तुझ्याकडे नाही. त्याचा तुझ्यावर जीव होता आणि तो चुकला. दोन्ही खरं आहे. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, "तू चिडली आहेस त्याच्यावर?" हो म्हटलं. "मी पण," ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

तुमचे दादा माझ्याशी बोलत नाहीत. आईंनी माझ्या वतीनं देवापुढे नाक घासलं आणि ते मला दिसेल असं घासलं. घरात जेवणं होतात, भांडी होतात, कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. हे निवळेल की नाही मला माहीत नाही. तुम्ही असतात तर एखादा पाचकळ विनोद करून निवळवलं असतं, तेवढ्यासाठी तरी तुम्ही हवे होतात. तनू मात्र काल दुपारी भूक लागली म्हणाली आणि दोन वेळा भात घेतला.

तर भाऊजी, सांगायचं ते हे की तनू खेळणार नाही. पुढेमागे पाय बरा झाला आणि तिला स्वतःला वाटलं तर ती बघेल, पण तुमच्यासाठी नाही आणि तुमच्या पिंडासाठी नाही. दिलेला शब्द मी मोडला, तिनं नाही, तुमच्या दादांनीही नाही. तुम्हाला तिकडे शांती मिळत नसेल, पोट भरलं नाही असं वाटत असेल, तर माझ्याकडे या. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहा, हवं तितकं भांडा, माझ्या हाताला नावं ठेवा, मी ऐकून घेईन. तिच्या खोलीकडे मात्र जाऊ नका.